चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती: आधी पाणी, मग लाकूड, शेवटी छपाई

नागपुरातील महाल, इतवारी, धंतोली या भागांतील जुन्या घरांत एकच चूक वारंवार होताना दिसते. भिंतीला ओल दिसली की मिस्त्री बोलावला जातो, सुटलेले पोपडे खरवडले जातात, त्यावर सिमेंटची छपाई (प्लास्टर) होते, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लागतो आणि दिवाळी छान पार पडते. दोन पावसाळ्यांनंतर तीच ओल हातभर वर चढलेली असते. मग दोष मिस्त्रीला, सिमेंटला किंवा रेतीला दिला जातो. प्रत्यक्षात चूक कामाच्या क्रमात आणि मालाच्या निवडीत झालेली असते.

जुनी भिंत जमिनीतून आणि पावसातून थोडे पाणी घेते आणि चुन्याच्या सांध्यांतून व छपाईतून ते हवेत सोडते. सिमेंटचा थर हा बाहेर पडण्याचा मार्ग बंद करतो, त्यामुळे पाणी मागे साचते, वर चढते आणि सिमेंट संपते तेथे बाहेर येते. दुसरे असे की, जुनी वीट मऊ असते आणि सिमेंट तिच्यापेक्षा कठीण. भिंत थोडी हलली की जे मऊ ते तुटते. चुन्याचा सांधा तुटला तर तो पुन्हा भरता येतो. वीट फुटली तर ती गेलीच.

पुढील टप्पे चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या, कवेलूच्या (कौलांच्या) छताच्या अथवा लाकडी तुळयांवर तक्तपोशी (फळ्यांची पाटणी) असलेल्या घरांसाठी आहेत. कॉलम-बीमच्या घरांना ते लागू नाहीत.

टप्पा १: पावसाळ्यात फक्त बघावे

दुरुस्तीची सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि त्या काळात हत्याराला हात लावायचा नसतो. एक वही, खडू, पेन्सिल आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर काम भागते. मोठी सर येऊन गेली की घराला आतून आणि बाहेरून एक फेरी मारावी, ओलीची कड खडूने आखावी आणि तिच्याशेजारी तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी पुन्हा आखावी. सरीनंतर काही तासांत वाढणारी ओल छतातून, पागोळीतून किंवा फुटक्या पाइपातून आलेली असते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्ट्यासारखी दिसणारी आणि पाऊस थांबल्यावरही न हटणारी ओल जोत्याखालून चढलेली असते. तिच्या वरच्या कडेवर पांढरी, खारट भुकटी सापडते, हाच लोणा.

पाणी भिंतीतून येते आहे की खोलीतल्या दमट हवेतून, हे ठरवण्यासाठी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खिडक्या उघडण्याने पुष्कळ काम होईल.

भेगांसाठी वेगळी नोंद ठेवावी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते, त्यामुळे तिच्यावर उभ्या असलेल्या भिंतींच्या काही भेगा दरवर्षी उघडतात आणि मिटतात. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावीत आणि त्यावर तारीख लिहावी. पट्टी तुटली तर भेग जिवंत आहे आणि ती भरण्यात अर्थ नाही.

तपासणी: भेग तिरपी असून वरच्या बाजूला रुंद होत असेल, तिच्यात बोट जात असेल, किंवा ओळंबा सोडल्यावर भिंत पोट काढून उभी असल्याचे दिसत असेल, तर येथेच थांबावे आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला घर दाखवावे. पुढचे टप्पे अशा भिंतीसाठी नाहीत.

टप्पा २: भिंत कशाची आहे ते ओळखावे

कोपऱ्यातल्या एखाद्या सांध्यातून सुपारीएवढा मसाला (विटा जोडणारे मिश्रण) काढून पाण्याच्या पेल्यात टाकावा. थोड्या वेळात तो विरघळून खाली बसला तर जोडणी मातीची आहे. तो टिकला, पण नखाने किंवा किल्लीने खरवडल्यावर पांढरी पूड निघाली, तर चुन्याची. किल्ली घसरली आणि खूण करडी उमटली, तर ते मागाहून भरलेले सिमेंट आहे. ही परीक्षा प्रत्येक भिंतीला वेगळी करावी, कारण एकाच घरात पुढची भिंत चुन्याची आणि सांदवाडीकडची मातीची असणे अगदी नेहमीचे आहे. मातीच्या भिंतीवर चुन्याची छपाई चालते, मात्र सांधे मातीनेच भरावे लागतात.

याच सुमारास कागदाचे काम उरकून घ्यावे. घर वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, हे महापालिकेत विचारावे. यादीतल्या घराच्या दर्शनी भागाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे आणि दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. काम सुरू झाल्यावर शेजारच्या काकूंच्या देवघरात पडलेली भेग जुनी की नवी, हा वाद फोटोशिवाय मिटत नाही.

टप्पा ३: चुना आत्ताच भिजवावा

हा टप्पा येथे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते. पण चुना छपाईच्या आदल्या दिवशी आणण्याची वस्तू नाही. थंडीत वापरायचा चुना पावसाळ्यातच भिजवलेला असावा. कळीचा चुना (भट्टीतून निघालेले, न विरवलेले खडे) पाण्यात जितका जास्त मुरतो तितका तो लोण्यासारखा होतो आणि तितका भिंतीला धरतो. तीन महिने मिळाले तर उत्तम. एक महिना ही किमान मर्यादा समजावी.

१. लोखंडी ड्रम किंवा विटांचे टाके घ्यावे. प्लास्टिकची बादली वापरू नये. चुना उकळू लागला की ती वितळते.

२. आधी पाणी भरावे आणि मग त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडावेत. खड्यांवर पाणी ओतल्यास उकळता चुना अंगावर उडतो.

३. फळीने ढवळत राहावे. उकळी पूर्ण थांबल्यावर बारीक जाळीतून गाळावे आणि न फुटलेले खडे फेकून द्यावेत. असा एखादा खडा छपाईत राहिला तर तो महिन्याभराने तेथे फुगतो आणि भिंतीवर पैशाएवढा खळगा पाडतो.

४. गाळलेल्या चुन्यावर सतत चार बोटे पाणी राहील असे पाहावे आणि ड्रम झाकून ठेवावा.

इशारा: हे काम चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच करावे, आणि लहान मुलांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नये. चुना डोळ्यांत गेला तर पंधरा-वीस मिनिटे सलग स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

कळीचा चुना मिळाला नाही तर पोत्यात मिळणारी भुकटी चालते, पण ती ताजी असली पाहिजे आणि वापरण्यापूर्वी किमान एक दिवस पाण्यात भिजवलेली असली पाहिजे. दुकानात वर्षभर पडलेल्या पोत्यातला चुना हवा खाऊन निम्मा खडूच झालेला असतो.

टप्पा ४: पाण्याची वाट बंद करावी

खर्चाचा मोठा भाग येथे लागावा आणि वेळही. येथे कसूर राहिली तर पुढची सगळी छपाई वाया जाते.

छतापासून सुरुवात करावी. पाऊस संपल्यावर कवेलू उतरवून, झाडून, फुटलेली बाजूला काढून पुन्हा बसवावीत. दरवर्षी मे महिन्यात कवेलू फेरण्याची पद्धत मोडली तेथूनच बहुतेक घरांची दुर्दशा सुरू झाली आहे. वानरांच्या उड्यांनी मधल्या रांगा सरकतात, म्हणून घरात पन्नासेक जुनी कवेलू शिल्लक असू द्यावीत. गळक्या छतावर ताडपत्री घालून ती तशीच वर्षभर ठेवू नये. खालचे लाकूड तिच्याखाली घुसमटून कुजते.

त्यानंतर पागोळीचे पाणी कोठे पडते ते पाहावे. ते भिंतीच्या पायाशी पडून शिंतोडे उडत असतील तर पन्हाळ लावून ते दूर न्यावे. कठड्यात किंवा भिंतीत पिंपळ, उंबर उगवले असतील तर ते उपटू नयेत. उपटल्याने मुळासोबत विटाही निघतात. खोड भिंतीलगत कापावे, फुटवे येतील तसे छाटत राहावे, मूळ मेल्यानंतरच सांधा उघडून ते काढावे आणि पोकळी चुन्याने भरावी.

आता खास आपल्या गावचा प्रश्न. मार्च ते जून खिडकीत कूलर चालतो. त्याची टाकी भरताना पाणी ओसंडते, खसाच्या जाळीतून थेंब झिरपतात, आणि हे पाणी चार महिने रोज त्याच एका जागी भिंतीत मुरते. आमच्या महालातल्या घरी पश्चिमेच्या खिडकीखाली कायमचा ओलसर नकाशा उमटलेला होता. आम्ही तीन वर्षे त्याला जमिनीची ओल समजत राहिलो. एका ठेकेदाराच्या सल्ल्याने तेथे साडेचार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, तेव्हा ओल टाइल्सच्या वर निघाली आणि खिडकीची सागवानी चौकट खालून भुसभुशीत झाली. शेवटी कूलर भिंतीपासून वीतभर दूर, लोखंडी घोडीवर ठेवला आणि टाकीला ओव्हरफ्लोची नळी लावून ती नालीत सोडली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नकाशा पुसट झाला होता; भिंतीला काहीही लावावे लागले नाही.

जमिनीच्या बाजूने येणारे पाणी हे त्याहून चिवट असते. पुन्हा पुन्हा थर चढून रस्ता वर आला आणि घराचे जोते खाली गेले, अशी कितीतरी घरे आहेत. रस्ता आपल्या हातात नसतो, पण भिंतीलगतची जमीन असते. भिंतीला टेकून टाकलेली माती, मलबा, कुंड्या आणि सिमेंटचा ओटा हटवावा. जमिनीचा उतार भिंतीपासून दूर जाईल असा करावा. जागा असल्यास भिंतीपासून थोडे अंतर राखून एक उथळ चर खणावा, त्यात गिट्टी भरावी आणि चराचे तोंड नालीकडे न्यावे. पायाच्या तळापेक्षा खोल खणू नये.

इशारा: आतली जुनी फरशी काढून खाली काँक्रीट आणि प्लास्टिक टाकून वर व्हिट्रिफाइड टाइल्स लावण्याचा मोह टाळावा. जमिनीतली वाफ पूर्वी फरशीच्या सांध्यांतून निघून जात होती. ती वाट बंद झाली की ती भिंतींकडे वळते.

टप्पा ५: लाकूड तपासावे

तुळईचे मधले अंग सहसा ठणठणीत असते. ती सडते ती भिंतीत घुसलेल्या टोकाला. म्हणून दाभण किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीलगतच्या वीतभर भागात टोचून पाहावे. टोक कष्टाने आत गेले तर सागवान शाबूत आहे. लोण्यात जावे तसे गेले तर ते टोक गेले आहे. टोकाला हात लावण्यापूर्वी तुळईखाली दोन टेकू द्यावेत, आणि टेकूखाली जाड फळी ठेवावी, म्हणजे भार फरशीच्या एकाच बिंदूवर येणार नाही. सडलेला भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडावा. जुन्या वाड्यांतून निघालेले सागवान यासाठी नव्यापेक्षा चांगले. नवे टोक भिंतीत बसवताना त्याच्याभोवती बोटभर मोकळी जागा राखावी. ही जागा सिमेंटने बुजवणे म्हणजे नव्या लाकडाची सड आजच सुरू करणे होय.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्यास त्या मोडून आठवड्याने पुन्हा बघाव्यात. नळ्या पुन्हा बांधल्या गेल्या तर वाळवी चालू आहे आणि औषधफवारणी जाणकाराकडून करून घ्यावी. जळके ऑइल फासण्याची जी जुनी सवय आहे ती सोडावी; लाकूड काळे पडते, आग लवकर धरते आणि त्यावर नंतर कोणतेही तेल किंवा पॉलिश बसत नाही.

टप्पा ६: सिमेंट उतरवावे आणि भिंत वाळू द्यावी

ब्रेकर मशीन वापरू नये. छिन्नी आणि हलका हातोडा घेऊन वरून खाली, एका वेळी हात-दीड हात एवढाच भाग घ्यावा. आधी बोटांच्या सांध्यांनी ठोकून बघावे: पोकळ, बद्द आवाज येतो तेथे छपाई आधीच सुटलेली असते आणि ती सहज निघते. घट्ट धरलेल्या जागी सिमेंटसोबत विटेचा चेहरा सोलून येऊ लागला तर त्या जागी थांबावे. तेवढा सिमेंटचा तुकडा राहू देण्याने होणारे नुकसान हे वीट फोडण्याच्या नुकसानीपेक्षा कमी असते.

उघड्या भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि पडलेली भुकटी घराबाहेर टाकावी. पाण्याने धुऊ नये. क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. लोणा फार असेल तर आधी चुना-रेतीचा कच्चा थर द्यावा, क्षार त्यात ओढले गेले की काही महिन्यांनी तो उतरवावा आणि मग खरी छपाई करावी.

भिंत किती दिवसांत वाळते, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. इंचाला महिना हा जुना ठोकताळा आहे. म्हणजे दीड फुटी भिंत पूर्ण भिजली असेल तर वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. चुन्याच्या कामासाठी एवढे थांबण्याची गरज नसते, कारण चुन्यातून पुढेही ओल निघत राहते. मात्र नवे पाणी येणे थांबलेले असलेच पाहिजे, आणि टप्पा १ मधल्या खडूच्या रेषेने हे ठरवावे.

टप्पा ७: दरजा (विटांमधले सांधे) भरून छपाई करावी

काळ: ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा चुना घट्ट होण्याआधीच वाळून जातो आणि हात फिरवला की पीठ निघते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो.

१. रेती तपासावी. कन्हान नदीची रेती असली तरी काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या बाराव्या भागापेक्षा जाड असेल तर रेती धुऊन घ्यावी.

२. सांधे खरवडून आतला सुटा मसाला काढावा. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोली पुरे. भिंतीला आदल्या संध्याकाळी पाणी मारावे आणि सकाळी पुन्हा मारावे. विट ओलसर असावी, पाण्याने चमकणारी नसावी.

३. आतल्या भिंतींसाठी १ भाग मुरलेला चुना आणि ३ भाग रेती घ्यावी. बाहेरच्या आणि ओल लागणाऱ्या भिंतींसाठी १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी), २ भाग रेती. सुरखी कमी भाजलेल्या लाल विटांची असावी. जळून काळपट झालेल्या विटांची सुरखी चुन्याशी जुळत नाही. गूळ किंवा बेलफळाचे पाणी घालायचे असल्यास अगदी थोडे घालावे. गोडव्याचा अतिरेक झाला की बुरशी येते.

४. दरजा आधी भराव्यात, कन्नीने (छोट्या थापीने) आत दाबून. छपाईचा पहिला थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. तो ओला असतानाच खिळ्याने तिरप्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पुढचा थर धरेल.

५. पहिला थर आठवडाभर ओलसर ठेवून, नख रुतणार नाही इतका घट्ट झाल्यावर दुसरा द्यावा. गुरमाळ्याने (छपाई सपाट करण्याच्या फळीने) फार घासू नये. पृष्ठभागावर चुन्याची साय येते आणि तीच पुढे पापुद्र्यासारखी सुटते.

इशारा: लवकर घट्ट व्हावे म्हणून मसाल्यात मूठभर सिमेंट टाकण्याची मिस्त्रींना सवय असते, आणि ते मालकाचे लक्ष नसतानाच टाकले जाते. घमेल्यातला रंग पाहावा. पांढरट किंवा गुलाबीसर मसाला करडा दिसू लागला तर ते घमेले परत करावे.

तडा येण्याचे कारण बहुतेक वेळा थर जाड असणे किंवा चुना जास्त होणे हे असते. केसासारखे बारीक तडे दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून लाकडी गुरमाळ्याने दाबता येतात. तिसऱ्या दिवशी येत नाहीत.

टप्पा ८: ओल धरावी आणि सफेदी करावी

छपाई झाल्यावर ओले बारदान भिंतीसमोर टांगावे, भिंतीला चिकटवू नये, आणि सात ते दहा दिवस सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा द्यावा. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी सावली करावी. नळीने धार मारल्यास चुना वाहून जातो.

रंगासाठी किमान महिनाभर थांबावे. मुरलेला चुना दुधाएवढा पातळ करून त्याचे चार-पाच हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. प्रत्येक हातापूर्वी भिंत ओलसर करावी. पहिला हात लावताना काहीच दिसत नाही, भिंत जवळपास पारदर्शक वाटते, आणि त्या वेळी अनेक जण घाबरून तो घट्ट करतात. घट्ट सफेदी वाळल्यावर सोलते. पिवळी माती किंवा गेरू मिसळून रंग आणता येतो. अ‍ॅक्रिलिक पेंट, पुट्टी आणि वॉटरप्रूफ लेप यांपैकी काहीही या भिंतीवर लावू नये.

ड्रमात उरलेला चुना फेकू नये. त्यावर पाणी ठेवून झाकण लावावे आणि झाकणावर भिजवल्याची तारीख लिहावी. पुढच्या पावसाळ्यानंतर खडूच्या जुन्या रेषांजवळ एखादा सांधा उघडलेला दिसेल, तेव्हा त्यातला वाटीभर पुरतो.